तांब्यातली फट

१

ही २०२३ सालची गोष्ट आहे. त्या वर्षी ऑगस्टच्या सतरा तारखेला, गुरुवारी, फुजैराच्या एका तेलसाठ्यावर खैरुद्दीन मुकादम हा माणूस पंपाच्या खड्ड्यात उतरला आणि वर आला नाही. उन्हाळ्यात तिथे साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं. त्याआधी एक व्हॉल्व्ह पाहून यावा म्हणून तो पावणेबाराला गेला. खड्ड्याच्या तोंडाशी विषारी वायू ओळखणारा अलार्म बसवलेला होता आणि त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. हिरवा म्हणजे उतरायला हरकत नाही. तेलातून निघणाऱ्या त्या वायूचा पहिल्या श्वासाला सडक्या अंड्यासारखा वास येतो, दुसऱ्या श्वासाला नाकच मरतं. खैरुद्दीन शिडीच्या तिसऱ्या पायरीला धरून सापडला. म्हणजे त्याला कळलं होतं आणि तो परत निघाला होता.

अलार्म वाजलाच नाही. वीज तोडून माणसाला बाहेर काढलं, संध्याकाळी वीज पुन्हा जोडून तपासलं, तेव्हा मात्र तो ठणठणीत वाजला.

तो अलार्म माझ्या मुलाच्या कंपनीत बनलेला होता.

मी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होते. आमचे सूर्यकांत गेल्यावर कुशलने मला पुण्याहून दुबईला, मिर्दिफमधल्या त्याच्या घरी आणलं. सून शुभ्रा बँकेत. नात संजना तेरा वर्षांची, मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. घरात मला काम असं उरलं नव्हतं. बाल्कनीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायचं तेवढं होतं, तेही संजनाच्या शाळेच्या प्रोजेक्टने माझ्याकडून काढून घेतलं. माती सुकली की कुंडी आपली आपणच पाणी सोडायची.

पण एके काळी मी कामाची बाई होते. भोसरीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी सर्किट बोर्डांची चित्रं काढली. आज कॉम्प्युटर करतो ते तेव्हा हातांनी व्हायचं. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर पारदर्शक फिल्म पसरायची आणि तिच्यावर दोऱ्याएवढी काळी टेप चिकटवत न्यायची. प्रत्येक टेप म्हणजे पुढे तांब्याची एक रेघ. शनिवारी शाळा लवकर सुटली की कुशल माझ्या टेबलाखाली येऊन बसायचा. नवव्या वर्षी त्याने पहिली टेप चिकटवली, ती माझ्यापेक्षा सरळ होती.

खैरुद्दीन गेल्यानंतर पाच आठवडे घरात कोणी त्याचं नाव काढलं नाही. मग एका शुक्रवारी दुपारी दाराची घंटा वाजली. कुशलच्या कंपनीतली यम्ना दारात उभी होती. हातात डब्याची पिशवी, पण डबा नव्हता.

"आजी, सोमवारी माझं नाव जाणार आहे," ती म्हणाली.

२

यम्ना हर्णैची. एकोणतीस वर्षांची, इंटरनॅशनल सिटीत तीन मुलींबरोबर एक फ्लॅट वाटून राहायची. अल क्वोजच्या त्या गोदामवजा कंपनीत बोर्ड काढणारी ती एकटीच. दिवाळीच्या जेवणाला आली होती तेव्हा तिने माझ्या टेपच्या गोष्टी दोन तास ऐकल्या होत्या. त्यानंतर ती मला आजी म्हणू लागली.

तिने पिशवीतून दोन हिरवे बोर्ड काढून टेबलावर ठेवले. दिसायला सारखेच. एकाच्या कोपऱ्यात बी लिहिलेलं, दुसऱ्याच्या कोपऱ्यात सी, म्हणजे त्याच बोर्डाची पुढची आवृत्ती. दोन्हींखाली बारीक अक्षरात तिचं नाव.

चौकशी समितीने मेलेल्या अलार्मची पेटी उघडली होती. आत सी बोर्ड होता आणि त्यावर एक रेघ जिथे पोचायला हवी तिथे पोचत नव्हती. सोमवारी कंपनीचं पत्र समितीला जायचं होतं. डिझाइन करणारी व्यक्ती रेघ जोडायला विसरली, असा त्याचा मजकूर. यम्नाचा पासपोर्ट आधीच पोलिसांनी ठेवून घेतला होता. पत्र गेलं की माणूस मारल्याचा दोष तिच्यावर यायचा आणि तिला तुरुंगात जावं लागायचं.

"बी मी काढला. सी मी पाहिलाच नव्हता," ती म्हणाली. "पण नाव माझंच आहे."

मी तिला चहा दिला आणि पहिल्यापासून सांगायला लावलं.

"प्रोसेसर निवडताना सगळे आधी वेग विचारतात, आजी. मी आधी ऊन विचारलं."

तिने गोदामाच्या छतावर एक बंद पेटी अख्खा जुलै ठेवली होती, आत तापमापक घालून. पेटीच्या आत पारा अठ्ठ्याऐंशीवर गेला. म्हणून तिने एकशे पाच अंशांपर्यंत टिकणारा प्रोसेसर निवडला. जुना, मंद, महाग, पण उन्हात शुद्ध न हरपणारा. तेवढ्यावरही तिचा विश्वास नव्हता. शेजारी तिने आणखी एक लहानशी चिप बसवली, पहारेकऱ्यासारखी. प्रोसेसरने दर सेकंदाला तिला टिचकी मारून मी जागा आहे असं सांगायचं. टिचकी चुकली की ती प्रोसेसरला पुन्हा सुरू करायची आणि तसं करताना भोंगा एकदा किंचाळायचा, म्हणजे माणसांनाही कळावं. पहारेकऱ्यापासून प्रोसेसरपर्यंत जाणारी ती एक रेघ, तीच सी बोर्डावर अपुरी होती.

बी संपवल्यावर यम्नाला पाण्याच्या मीटरच्या कामाला लावलं गेलं. अलार्मचा बोर्ड पुन्हा तिच्याकडे आला नाही.

मग फाइल तिच्या नावाने कशी? त्याचं उत्तर साधं होतं. बोर्ड काढायचं सॉफ्टवेअर महाग. कंपनीने एकच लायसन्स घेतलं, यम्नाच्या नावाने. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. प्रोग्रॅम लिहिणारा रुहान ते उघडायचा, खरेदी पाहणारे मुश्ताकभाई सुट्या भागांची यादी छापायला उघडायचे.

मी कुशलचं विचारलं.

"सर कुठे बोर्ड काढतात आता? सर मीटिंगमध्ये असतात."

ते खरं होतं. मीही दहा वर्षांत त्याला बोर्ड काढताना पाहिलं नव्हतं.

मी दोन्ही बोर्ड बाल्कनीच्या उजेडात नेले आणि शिवणाच्या डब्यातलं भिंग लावलं. विसरलेली रेघ कशी असते ते मला ठाऊक आहे. ती सुरूच होत नाही, किंवा मध्येच भलतीकडे लटकते. ही तशी नव्हती. ती पहारेकऱ्याकडून नीट निघाली होती, प्रोसेसरजवळ आली होती, आणि तिथे दोन चौकोनी ठिपके समोरासमोर ठेवून मध्ये खसखशीच्या दाण्याएवढी फट सोडली होती. कथिलाचा एक थेंब टाकला असता तर ती मिटली असती.

आजूबाजूच्या काही रेघाही नव्याने फिरवलेल्या होत्या. मी त्यांची टोकं मोजली. अकरा टोकं ठिपक्याला भिडताना पाण्याच्या थेंबासारखी रुंद झाली होती आणि रेघ बोर्डाच्या दुसऱ्या बाजूला जाते तिथे एकाऐवजी दोन-दोन भोकं. हाताचं वळण जुनं होतं. बाकीच्या शेकडो टोकांवर तसलं काही नव्हतं.

"यम्ना, ही रेघ कोणी विसरलेलं नाही," मी म्हटलं. "कोणीतरी ती मुद्दाम तोडली आहे, आणि पुन्हा जोडता यावी अशी तोडली आहे."

३

दुसऱ्या दिवशी शनिवार. कुशल घरीच होता. मी त्याला खैरुद्दीनच्या बायकोला भेटून येते म्हटलं. तो म्हणाला, जा, कोणीतरी जायलाच हवं होतं.

मुश्ताकभाई गाडी घेऊन आले. पंचावन्नचे, दापोलीचे, तोंडाने फटकळ. यम्ना मागे बसली. डोंगर सुरू होईपर्यंत ते आंब्यांबद्दल बोलले. मग मी चिपचं विचारलं.

२०२२ साली जगभर चिपचा दुष्काळ होता. यम्नाने निवडलेला प्रोसेसर मिळायला वर्ष लागेल असं विक्रेते सांगत होते. हे मुश्ताकभाईंनी सांगितलं, आणि हेही की एप्रिलमध्ये कॉम्प्युटरमधल्या यादीत त्या प्रोसेसरच्या नंबराची शेवटची दोन अक्षरं बदललेली दिसली.

"बदललेली चिप बाजारात होती काकी, चौदा दिरहमला. म्हणजे तीनशे रुपये. पहिली मिळाली असती तर नव्वद, दोन हजार रुपये एका चिपचे. मी म्हटलं, अल्लाची मेहरबानी. आणली."

"त्या दोन अक्षरांचा अर्थ विचारला नाहीत?"

"मी बारावी नापास माणूस. यादी यम्नाच्या नावाने निघाली, मी म्हटलं पोरगी हुशार आहे. खलास."

मागून यम्नाने सांगितलं की ती दोन अक्षरं म्हणजे उष्णतेची मर्यादा. एकशे पाचच्या जागी पंचाऐंशी. मुश्ताकभाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मी आणखी एक विचारलं. त्या उन्हाळ्यात अलार्मबद्दल तक्रारी आल्या होत्या का? त्यांना माहीत नव्हतं. तक्रारी त्यांच्याकडे येत नसत.

खैरुद्दीनची बायको बिलकीस बंदराजवळच्या दोन खोल्यांत राहत होती. सामान बांधलेलं होतं. मी कोणाची आई ते मी दारातच सांगितलं. तिने तरी आत घेतलं आणि यम्नाला जवळ बसवलं. ती रडली नाही. नवऱ्याबद्दल बोलताना तो शेजारच्या खोलीत झोपला असावा तसा आवाज हळू ठेवत होती.

तिच्या बोलण्यातून एक गोष्ट निघाली. आदल्या वर्षी ते नवे अलार्म बसले तेव्हा ऐन दुपारी विनाकारण किंचाळायचे. कामगारांनी त्यांचं नाव जावई ठेवलं होतं, कारण बरोबर जेवणाच्या वेळी हजर. खैरुद्दीन रोज घरी येऊन शिव्या घालायचा. मग ऑक्टोबरात कंपनीची माणसं आली, आतले बोर्ड बदलून गेली.

"त्यानंतर आवाज नाही. या उन्हाळ्यात म्हणायचे, बिल्लो, जावई सुधारला. ती पेटी गप्प होती तेच त्यांना बरं वाटत होतं."

यम्नाने तोंड फिरवलं. मला खड्ड्यापाशी घडलेलं तेव्हा कळलं. दुपारच्या उन्हात पंचाऐंशीची चिप बेशुद्ध पडत होती. पहारेकरी तिला उठवत होता, आणि तीच ती किंकाळी. कोणीतरी चिप बदलायच्या ऐवजी पहारेकऱ्याचा हात कापला. मग चिप बेशुद्ध पडली तरी हिरवा दिवा तसाच लागून राहायचा. साठ्यावर जुलैत झालेल्या शेवटच्या चाचणीनंतर तो अलार्म किती दिवस डोळे उघडे ठेवून मेलेला होता, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं.

निघताना बिलकीसने विचारलं, "ही पोरगी करील असं?"

मी नाही म्हटलं. मग कोणी केलं, हे तिने विचारलं नाही. मला वाटलं, मी कोणाची आई आहे म्हणून विचारलं नाही.

४

रुहान संध्याकाळी ड्रॅगन मार्टजवळच्या कॅफेटेरियात भेटला. सव्वीस वर्षांचा, मुंब्र्याचा, नखं कुरतडलेली. मला पाहून उठला आणि यम्नाला म्हणाला, तू वकील म्हणून आजींना घेऊन फिरतेस का? ती हसली नाही. तोही मग हसला नाही.

दुपारच्या किंकाळ्यांच्या तक्रारी त्याच्याकडे आल्या होत्या. त्याला वाटलं, त्याच्याच प्रोग्रॅममध्ये चूक आहे. दोन महिने तो शोधत राहिला. चिप बदलली आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि एसीच्या खोलीत टेबलावर अलार्म एकदाही किंचाळला नाही. शेवटी त्याने चार ओळी बदलल्या. ऑक्टोबरात त्याचा नवा प्रोग्रॅम घातलेले बोर्ड साठ्यावर बसले आणि तक्रारी थांबल्या. कुशलने सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, पेढे आणले.

"मला वाटलं, मीच दुरुस्त केलं," तो म्हणाला. "मी अम्मीला फोन करून सांगितलं होतं."

"तुझ्या प्रोग्रॅममध्ये पहारेकऱ्याला टिचकी मारणं अजून आहे?"

"आहे ना. का नसेल?"

त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं की हा मुलगा वर्षभर हात तोडलेल्या पहारेकऱ्याला इमानाने टिचक्या मारत होता. यम्नाने त्याला फटीबद्दल सांगितलं. त्याने चहाचा कप बाजूला सारला.

परतताना मी गाडीत हिशोब मांडला. रेघ तोडायची बुद्धी कोणाला होणार? ज्याला किंकाळ्या ठाऊक होत्या आणि चिप बदलल्याचंही ठाऊक होतं, त्यालाच. नुसत्या किंकाळ्या ठाऊक असणारा माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसेल, रुहान बसला तसा. नुसती चिप ठाऊक असणारा काहीच करणार नाही, मुश्ताकभाईंसारखा. यम्नाला दोन्ही ठाऊक नव्हतं, ती पाण्याच्या मीटरमध्ये होती.

दोन्ही बातम्या ज्याच्या टेबलावर येऊन मिळत होत्या असा माणूस त्या कंपनीत एकच होता. मी तो हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडला. उत्तर तेच आलं. मग मी स्वतःला सांगितलं, पण तो तर बोर्ड काढतच नाही.

५

रविवारी सकाळी कढीपत्ता कोमेजलेला दिसला. मी संजनाला हाक मारली. ती डोळे चोळत आली, कुंडीमागची प्लास्टिकची डबी उघडली आणि बॅटरी बदलू लागली. डबीत एक बोर्ड होता, पत्त्याच्या निम्म्या आकाराचा. सात महिने तो माझ्या हाताच्या अंतरावर होता आणि मी कधी डबी उघडली नव्हती.

मी तिला विचारलं, हा तू काढलास?

"नो, आजी. आय जस्ट डिड द सोल्डरिंग. डॅड ड्रू द बोर्ड."

मी भिंग आणलं. प्रत्येक टोकाला पाण्याचा थेंब. प्रत्येक उतरणीला दोन भोकं.

भोसरीत पावसाळ्यात हवा दमट झाली की टेपची टोकं ठिपक्यावरून सुटायची. म्हणून मी टोकापाशी टेपचे दोन तुकडे तिरपे लावून ते रुंद करायची, थेंबासारखं. आणि त्या काळी भोकातला मुलामा भरवशाचा नसायचा, म्हणून मी एकाच्या जागी दोन भोकं पाडायची. एकाने दगा दिला तर दुसरं आहे. कारखान्यात माझ्याशिवाय कोणी ते करत नसे, साहेब चेष्टा करायचे. आता त्यातल्या कशाचीच गरज नाही. टेप नाही, सुटणारी टोकं नाहीत. सॉफ्टवेअरने थेंब काढायचे ठरवले तर ते सगळ्याच टोकांवर काढतं, निवडक अकरांवर नाही. ते अकरा एका हाताने काढले होते आणि त्या हाताला मी शिकवलं होतं. चाचणीसाठी रेघेत फट ठेवायची, काम झालं की कथिलाने बुजवायची, ही रीतसुद्धा माझीच.

शुक्रवारीच मी ते वळण ओळखलं होतं. जुनं आहे एवढंच म्हणून पुढे गेले होते.

"देअर्ज समथिंग रिटन हियर," संजना म्हणाली आणि बोर्डाच्या कडेवर बोट ठेवलं. "व्हाय डज इट से यम्ना?"

शाळेतल्या पोरीच्या कुंडीच्या बोर्डावर, बारीक अक्षरात, यम्नाचं नाव छापलेलं होतं. लायसन्स ज्याच्या नावाने, त्याचं नाव सॉफ्टवेअर प्रत्येक बोर्डावर आपोआप घालत होतं.

६

जेवणं झाल्यावर मी संजनाला खाली पोहायला पाठवलं. कुशल आणि शुभ्रा टेबलाशी बसले होते. मी तिन्ही बोर्ड त्याच्यासमोर मांडले.

त्याने एकदाच पाहिलं. माझं भिंग त्याने बाजूला ठेवलं. त्याला गरज नव्हती.

"थेंब काढायची सवय मला मोडता आली नाही," तो म्हणाला. "हात आपोआप जातो."

शुभ्राला काही कळत नव्हतं. मी तिला थोडक्यात सांगितलं.

मग कुशल बोलू लागला. तेलसाठ्याची ऑर्डर हातात होती, चिप नव्हती, वीस माणसांचे व्हिसा कंपनीवर होते. पंचाऐंशीची चालेल असं त्याला वाटलं. उन्हाळ्यात किंकाळ्या सुरू झाल्या तेव्हा त्याला पहिल्याच आठवड्यात कारण कळलं. ग्राहकाला सांगायचं तर हलकी चिप घातली हे कबूल करावं लागलं असतं. एका शनिवारी ऑफिसात कोणी नसताना त्याने सी काढला.

"हिवाळा येत होता आई. हिवाळ्यात ती चिप पडणारच नव्हती. जानेवारीत ओरिजिनल येणार होत्या. त्या घालायच्या, फट बुजवायची, एवढंच ठरवलं होतं."

"आल्या का?"

"आल्या."

"मग?"

त्याने सी बोर्ड पालथा ठेवला. "दुसऱ्या ऑर्डरला लागल्या. फुजैराहून तक्रारच नव्हती. मी विसरलो."

मी त्याला पत्राचं विचारलं. यम्ना विसरली असं तो लिहिणार होता, तो शब्द त्याने स्वतःमधून काढून तिला लावला होता. त्याने मान खाली घातली. म्हणाला, ती लहान आहे, एकटी आहे, तिला कमी शिक्षा होईल, वकील मी देईन. माझ्यामागे संजना आहे.

"आई," शुभ्रा म्हणाली, "तुम्ही बोलला नाहीत तर कोणाला काही सिद्ध करता येणार नाही. तुमच्याशिवाय हे जगात कोणाला वाचताच येत नाही."

ते खरंच होतं. म्हणूनच मला गप्प बसता येत नव्हतं.

मी कुशलला म्हटलं, "उद्या तू स्वतः जा. मी तुझ्याबरोबर येते, तुझ्या शेजारी बसते."

"आणि नाही गेलो तर?"

"तर मी यम्नाच्या शेजारी बसेन."

तो उठून खिडकीपाशी गेला. खाली संजना पाण्यात उड्या मारत होती, तिचा आवाज वर येत होता.

७

सोमवारी सकाळी मी उठले तेव्हा त्याची गाडी गेलेली होती आणि टेबलावरची पत्राची फाइलही. मी मुश्ताकभाईंना फोन केला. ते काही न विचारता म्हणाले, यल्ला, चला काकी, दहा मिनिटांत आलो. वाटेत यम्नाला घेतलं.

समितीच्या खोलीत कुशल आधीच बसला होता. यम्नावर दोष टाकणारं पत्र त्याने दिलेलं होतं. मी यम्नाच्या शेजारी बसले. समितीतला एक तरुण भारतीय इंजिनीअर मला इंग्रजीत प्रश्न विचारत होता. मी मराठी-हिंदी मिसळून उत्तरं देत होते आणि आळ यम्नावरच होता म्हणून तिने एकही शब्द भाषांतर करायचं नाही असं मी बजावलं होतं. फट दाखवली, थेंब दाखवले, भोकं दाखवली. मग कुंडीचा बोर्ड दाखवला आणि त्यावरचं नाव वाचायला सांगितलं. हा बोर्ड कोणाच्या घरातला, त्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्या मुलाच्या.

कुशलला विचारलं तेव्हा त्याने नाकारलं नाही. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, माय मदर इज करेक्ट. इतकंच. त्या खोलीत त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

यम्नाला पासपोर्ट परत मिळायला चार महिने लागले. ती आता शारजात दुसऱ्या कंपनीत आहे. नव्या जागी तिने पहिल्या दिवशी स्वतःचा पासवर्ड मागितला, तेव्हा लोक हसले असं तिने फोनवर सांगितलं.

कंपनी बंद पडली. मुश्ताकभाई दापोलीला गेले. यादीतल्या दोन अक्षरांचा अर्थ न विचारल्याबद्दल त्यांना कोणी शिक्षा केली नाही, पण ते आता औषधाच्या पाकिटावरचाही प्रत्येक शब्द नातवाकडून वाचून घेतात. रुहानने प्रोग्रॅम लिहिणं सोडलं. मुंब्र्यात मामाच्या चपलांच्या दुकानात बसतो. यम्नाने खूप समजावलं, ऐकत नाही.

शुभ्रा संजनाला घेऊन बाणेरला माहेरी राहते. ती माझ्याशी बोलत नाही आणि मी तिला दोष देत नाही. संजना वाढदिवसाला फोन करते. इंग्रजीत बोलते, मी मराठीत. दोघींना सगळं कळतं आणि दोघी दुसऱ्याच गोष्टींबद्दल बोलतो.

कुशलला शिक्षा झाली. दर पंधरा दिवसांनी त्याचा फोन येतो. तो माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, मी त्याच्या जेवणाची. मी चिंचवडला एका खोलीत राहते. तो सुटला की इथेच येईल, दुसरीकडे जायला त्याला जागा नाही.

बिलकीस राजापूरजवळ तिच्या गावी, मुलीकडे असते. गेल्या डिसेंबरात मी एसटीने तिला भेटायला गेले. जावं की नाही याचा मी दोन वर्षं विचार केला होता. तिने मला ओळखलं, पंखा लावला, समोर चहा आणि तांदळाच्या पिठाची तळलेली गोड बोरं ठेवली. तिची मुलगी एमान आतबाहेर करत होती. आम्ही पावसाचं बोललो, घराच्या कौलांचं बोललो. मला जे बोलायचं होतं ते मी बोलू शकले नाही, आणि तिने मला ते बोलायला लावलं नाही.

निघायच्या आधी तिने एकच विचारलं.

"तुमचा मुलगा कधी सुटणार?"

"येत्या मार्चात."

"म्हणजे यायचा तर आहे," बिलकीस म्हणाली, आणि माझ्या बशीत आणखी दोन बोरं घातली.